टीव्हीचं कॅलिब्रेशन पैसे देऊन करून घ्यावं का?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. घरात एलजीचा नवा ६५ इंची ओएलईडी टीव्ही (ज्याचा प्रत्येक पिक्सेल स्वतःचा उजेड देतो) आलाय. शोरूमवाल्यानं वेगळे पैसे भरून ‘प्रोफेशनल कॅलिब्रेशन’ (मीटरनं मोजून टीव्हीचे रंग आणि उजेड जुळवणं) करून घ्या असं सुचवलंय आणि ते पैसे कारणी लागतील का, हे तुम्हाला ठरवायचंय. सोबत तीन तक्रारी आहेत. सिनेमा लावला की तो मालिकेसारखा गुळगुळीत वाटतो. वेब सिरीजमधल्या रात्रीच्या प्रसंगांत काही म्हणजे काही दिसत नाही. आणि माणसांचे चेहरे तांबूस दिसतात. मित्राच्या सांगण्यावरून सिनेमा मोड लावला तर बाबा म्हणाले, “टीव्ही पिवळा पडला,” म्हणून पुन्हा व्हिव्हिड या भडक रंगांच्या मोडवर आलात.

मी मुंबईत हेच काम करतो. मुख्यतः ग्रेडिंग स्टुडिओंमधले (जिथं सिनेमाचे रंग ठरतात) मॉनिटर, आणि बोलावणं आलं की लोकांच्या घरचे टीव्ही आणि प्रोजेक्टर. माझं मत असं की तुम्ही आत्ता पैसे भरू नका. खाली सांगतो ते आधी फुकटात करा, महिनाभर रोजच्यासारखा टीव्ही बघा, आणि त्यानंतर जो फरक उरेल तो तुम्हाला खटकतोय का ते बघा. खटकला तर जरूर माणूस बोलवा, तेव्हा त्या पैशांचं चीज होईल.

कॅलिब्रेशन चांगलं असतं यात वाद नाही. प्रश्न असा आहे की तुमच्या चित्रात आत्ता जे बिघडलंय, ते मीटर लावून दुरुस्त होणारं आहे का. तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ मेनूत आणि खोलीत आहे. व्हिव्हिड मोडवर चाललेल्या टीव्हीसाठी मला बोलावलंत, तर मी आल्यावर पहिल्या दहा मिनिटांत जे करीन त्यानंच तुम्हाला सगळ्यात मोठा फरक दिसेल, आणि ती दहा मिनिटं तुमची तुम्हालाही जमतात. पुढचे तीन-चार तास मी जे करीन तो बारीक फरक असतो. तो कुणाला दिसतो, कुणाला नाही.

कॅलिब्रेशनमध्ये नेमकं काय होतं ते आधी बघू. सिनेमा किंवा सिरीज तयार होताना कलरिस्ट मंद उजेडाच्या खोलीत, मागे राखाडी भिंत ठेवून, सोनीच्या बीव्हीएम-एक्स३०० सारख्या रेफरन्स मॉनिटरवर रंग ठरवतो. हा मॉनिटर ठरलेल्या मापांत बसवलेला असतो. एचडीसाठी रंगांचा आवाका बीटी.७०९ या मानकाचा. पांढरा म्हणजे डी६५, साधारण ६५०० केल्व्हिन (हा आकडा जितका मोठा तितका पांढरा निळसर). काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची चढण बीटी.१८८६ प्रमाणे २.४ गॅमाची. आणि सर्वांत पांढऱ्या भागाचा उजेड १०० निट (निट हे पडद्याचा उजेड मोजायचं एकक). तुमचा टीव्ही या मापांच्या जितका जवळ, तितकं कलरिस्टनं पाहिलेलं चित्र तुमच्या हॉलमध्ये पोचतं. यंत्रानं मोजून टीव्ही त्या मापांत आणणं, एवढंच हे काम. चित्र आणखी चमकदार करून देणं त्यात येत नाही. उलट व्हिव्हिडची सवय असलेल्या माणसाला कॅलिब्रेट केलेलं चित्र पहिल्या दिवशी मवाळ वाटतं.

अमेरिकेत कॅलिब्रेशन शिकवणारं इमेजिंग सायन्स फाउंडेशन १९९४ मध्ये सुरू झालं, तेव्हा घरोघरी ट्यूबवाले टीव्ही होते. ते कारखान्यातून निळसर आणि भडक यायचे, नेहमीच्या मेनूत रंग दुरुस्त करायची सोय नसायची, सर्व्हिस मेनूत शिरावं लागायचं. त्या काळात कॅलिब्रेशनचा फरक कुणालाही दाराशी उभं राहून दिसायचा. २०१९ मध्ये यूएचडी अलायन्स या टीव्ही कंपन्या आणि स्टुडिओंच्या संघटनेनं फिल्ममेकर मोड जाहीर केला. त्यात फ्रेम वाढवणं, धार काढणं, नॉइज घालवणं हे सगळं बंद असतं आणि पांढरा डी६५ च्या जवळ ठेवलेला असतो. २०२० पासूनच्या बऱ्याच टीव्हींत तो आहे, तुमच्याही टीव्हीत असणार. आमच्या धंद्यात चूक डेल्टा-ई या आकड्यात मोजतात. तीनच्या खालची चूक हलत्या चित्रात डोळ्याला सहसा जाणवत नाही असं धरतात. चांगल्या ओएलईडीचा फिल्ममेकर मोड डब्यातून काढल्या काढल्याच बहुतेक वेळा तीनच्या आसपास असतो, कधी त्याच्याही खाली. व्हिव्हिड मोड सहज दहाच्या पुढे जातो. कारखान्यातून निघतानाच काम इतकं होऊन येत असल्यामुळे माझ्यासारख्याच्या फीचं गणित पूर्वीपेक्षा बदललंय, हे मान्य करायला हवं.

आता तुमच्या तक्रारी.

मालिकेसारख्या दिसणाऱ्या सिनेमाचा इलाज सोपा आहे. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः बनवून भरतो आणि हालचाल घसरगुंडीवरून उतरल्यासारखी होते. एलजीत याला ट्रूमोशन म्हणतात, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस, सोनीत मोशनफ्लो. २०१८ मध्ये टॉम क्रूझनं याच सोयीविरुद्ध व्हिडिओ काढून ती बंद करा असं आवाहन केलं होतं. तुम्हीही बंद करा. एक गोष्ट मात्र माणसागणिक बदलते. ओएलईडीचे पिक्सेल क्षणात पालटतात, त्यामुळे कॅमेरा संथपणे आडवा फिरतो तेव्हा चित्र थोडं अडखळल्यासारखं दिसतं आणि काहींना ते सहन होत नाही. तसं झालं तर ट्रूमोशनमधला ‘सिनेमॅटिक मूव्हमेंट’ पर्याय लावा, तो हलक्या हातानं काम करतो. क्रिकेटसाठी काय ठेवायचं ते तुमच्या आवडीवर. यात मीटरचा संबंध शून्य.

अंधाऱ्या प्रसंगांची तक्रार मला सगळ्यात जास्त वेळा ऐकू येते आणि तिची कारणं एकात एक गुंतलेली असतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

पहिलं कारण खोली. तुम्ही लिहिलंय की रात्री सोफ्यामागची ट्यूबलाइट चालू असते. वेब सिरीजमधल्या रात्रीच्या प्रसंगाचा मोठा भाग पडद्यावर एका निटच्याही खाली असू शकतो. सोफ्यामागच्या ट्यूबचं प्रतिबिंब काचेवरून परत येतं ते त्याहून कितीतरी जास्त उजेडाचं. म्हणजे टीव्ही तपशील दाखवतोय आणि त्याच्यावर ट्यूब पांढरा पडदा ओढतेय. ट्यूब बंद करा. पूर्ण काळोख नको असेल तर टीव्हीच्या मागे भिंतीवर पडेल असा ६५०० केल्व्हिनचा मंद दिवा लावा, पडद्याच्या उजेडाच्या साधारण दहा टक्के. स्टुडिओत आम्ही हेच करतो. डोळ्यांना आराम पडतो आणि काळं जास्त काळं वाटतं.

दुसरं कारण एचडीआर, म्हणजे गडद सावलीपासून लखलखीत उजेडापर्यंत मोठा पल्ला असलेलं चित्र. साध्या एचडी चित्रात तुम्ही ओएलईडी पिक्सेल ब्राइटनेस वाढवलात की सगळंच चित्र उजळतं, दिवसाच्या हॉलमध्ये त्यानं निभावतं. एचडीआरची पीक्यू नावाची मोजपट्टी वेगळी आहे. सिग्नलमध्ये प्रत्येक छटेचा उजेड निटमध्येच लिहिलेला असतो, शून्यापासून १०,००० पर्यंत. कलरिस्टनं सावलीतल्या चेहऱ्याला दोन निट दिले असतील तर प्रामाणिक टीव्ही दोनच देतो, मग बाहेर भरदुपार असो. त्यामुळे एचडीआर उजेडाच्या खोलीत अंधुक वाटणं हा बिघाड नव्हे. डॉल्बी व्हिजन या एचडीआरच्या प्रकारासाठी तुमच्या टीव्हीत सिनेमा आणि सिनेमा होम असे दोन मोड आहेत. सिनेमा होम मुद्दाम उजेडाच्या घरांसाठी थोडा वर उचललेला आहे. तो वापरायला संकोच नको.

तिसरं कारण एनर्जी सेव्हिंग. बहुतेक टीव्ही ते चालू ठेवूनच येतात. समोरचा सेन्सर खोलीतला उजेड बघतो आणि रात्री चित्र आणखी खाली उतरवतो. बंद करा. याशिवाय ओएलईडी स्वतःच्या पिक्सेलना जपण्यासाठी, फारसा न हलणारा अंधारा प्रसंग बराच वेळ चालला की उजेड हळूहळू कमी करतो आणि दृश्य बदललं की पुन्हा वर येतो. ही त्याची ठेवण आहे, कुठल्याही कॅलिब्रेशननं ती बदलत नाही.

चौथं कारण बाहेरच्या उपकरणाचं आणि टीव्हीचं न जुळणं. सिनेमाच्या सिग्नलमध्ये, ० ते २५५ च्या मोजपट्टीवर, काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो. लॅपटॉप किंवा गेम कन्सोल ० ते २५५ असा पूर्ण पल्ला पाठवत असेल आणि टीव्ही १६ ते २३५ समजून बसला असेल, तर १६ च्या खालच्या सगळ्या सावल्या एकच काळा ठिपका होतात. उलटं झालं तर काळं राखाडी आणि चित्र धुऊन काढल्यासारखं. ओळखायचं कसं? तोच प्रसंग टीव्हीच्या आतल्या ॲपवर आणि बाहेरच्या बॉक्सवर लावून बघा. आत नीट दिसतोय आणि बॉक्सवर नाही, तर बॉक्सच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये आणि टीव्हीच्या एचडीएमआय ब्लॅक लेव्हलमध्ये दोन्हीकडे एकच पल्ला ठेवा. घरी जाऊन पाहिलेल्या कितीतरी ‘बिघडलेल्या’ टीव्हींचं दुखणं एवढंच निघालंय.

एवढं करूनही शंका उरली तर एव्हीएस एचडी ७०९ नावाचे टेस्ट पॅटर्न मोफत मिळतात. पेन ड्राइव्हवर घाला, टीव्हीवर ब्लॅक क्लिपिंगचा पॅटर्न लावा, दिवे मालवा. काळ्यावर उभ्या पट्ट्या लुकलुकताना दिसतील, खाली आकडे असतील. १६ आणि त्याखालची पट्टी दिसता कामा नये. १७ ची अगदी जेमतेम आणि पुढच्या क्रमानं स्पष्ट होत जायला हव्यात. मेनूतली ब्राइटनेसची पट्टी हीच काळ्याची पातळी ठरवते, ती एक-एक घरानं हलवत इथं आणून सोडा. एलजीच्या ओएलईडीवर ती बहुतेक वेळा ५० च्या आसपासच बरोबर असते, म्हणून मोठा फेरफार करावासा वाटला तर थांबा आणि वरची चार कारणं पुन्हा तपासा.

चेहऱ्यांच्या तांबूसपणाचं मूळ व्हिव्हिड मोडमध्ये आहे. ओएलईडी पॅनेलला बीटी.७०९ पेक्षा बराच मोठा रंगांचा आवाका दाखवता येतो, जवळजवळ सिनेमागृहाच्या डीसीआय-पी३ एवढा. व्हिव्हिड मोड एचडीचे रंग ताणून त्या पूर्ण आवाक्यात पसरवतो. पालवी आणखी हिरवी होते, जाहिराती छान वाटतात, पण त्वचेत जो लालसरपणा असतो तोही ताणला जातो. फिल्ममेकर किंवा सिनेमा मोडमध्ये आवाका सिग्नलप्रमाणे ठेवला जातो आणि चेहरे जागेवर येतात. कलर गॅमट (रंगांच्या आवाक्याचं सेटिंग) ऑटोवर आहे ना, तेवढं बघा.

राहिला बाबांचा पिवळा टीव्ही. व्हिव्हिडमधला पांढरा १०,००० केल्व्हिनच्या आसपास किंवा त्याच्याही पुढे असतो, म्हणजे स्पष्ट निळा. आपल्याकडे घराघरांत पांढऱ्याशुभ्र ट्यूबा असल्यामुळे डोळा तसाही निळ्याकडे झुकलेला. त्यावरून एका दणक्यात ६५०० वर आलं की डी६५ पिवळाच दिसणार. बाबांना चुकीचं काही दिसत नाहीये. डोळ्याला नवा पांढरा अंगवळणी पडायला थोडे दिवस लागतात. कसोटी सामना चालू असेल तर चांगली संधी आहे. फिल्ममेकर मोडवर दिवसभर सामना बघा आणि संध्याकाळी एकदम व्हिव्हिड लावा. खेळाडूंचे कपडे निळीत बुडवून काढल्यासारखे दिसतील आणि गवत प्लास्टिकचं. हे बाबांनी स्वतः पाहिलं तर वाद मिटतो. तरीही नाही पटलं तर कलर टेंपरेचर वॉर्म ५० ऐवजी आधी वॉर्म २५ वर ठेवा आणि आठवडाभरानं पुढे सरका. आणि आई-बाबा दुपारी उन्हाच्या हॉलमध्ये मालिका आणि बातम्या बघत असतील तर त्यांच्यासाठी एक्सपर्टचा दिवसाचा मोड बांधून द्या, रात्रीसाठी फिल्ममेकर. घरातल्या माणसांना नको असलेलं अचूक चित्र कुणाच्याच कामाचं नाही.

इथवरचं एकत्र सांगायचं तर: फिल्ममेकर मोड, ट्रूमोशन बंद, एनर्जी सेव्हिंग बंद, गॅमट ऑटो, एचडीएमआयचा पल्ला दोन्हीकडे एक, सोफ्यामागची ट्यूब बंद. यात खर्च फक्त टीव्हीमागच्या मंद दिव्याचा.

आणखी एक तपासणी पैसे भरण्याआधी करा, ती म्हणजे टीव्हीत जाणाऱ्या चित्राची. नेटफ्लिक्सवर फोर-के आणि एचडीआर फक्त प्रीमियम प्लॅनवर मिळतं. सेट-टॉप बॉक्सचं एचडीएमआय आउटपुट कुणीतरी बसवताना खालच्या रेझोल्यूशनवर ठेवून गेलेलं असतं आणि वर्षानुवर्षं तसंच राहतं. एसडी चॅनेल ६५ इंचांवर पसरलं की चौकटी-चौकटी दिसणारच, ती दाबलेल्या सिग्नलची मर्यादा आहे. अशा चॅनेलांसाठी टीव्हीचं नॉइज रिडक्शन थोडं चालू ठेवलं तरी चालेल. ज्या घरात बहुतेक वेळ एसडी मालिका चालतात, तिथं कॅलिब्रेशन करून द्यायला मी स्वतःहून नकार देतो.

आता पैसे घेऊन आम्ही करतो काय, ते सांगतो. टीव्ही आधी तासभर चालू ठेवतो, गरम झाल्याशिवाय आकडे स्थिर होत नाहीत. अगदी नवा टीव्ही असेल तर शंभर-दोनशे तास वापरून मग बोलवा असं सांगतो, सुरुवातीच्या काळात पॅनेलचे रंग थोडे सरकतात. मीटर तिवईवर पडद्यासमोर लावायचा, पॅटर्न जनरेटरमधून मधोमध छोटा चौकोन दाखवायचा, कारण ओएलईडीवर पूर्ण पडदा पांढरा केला तर तो स्वतःच उजेड खाली आणतो. मग काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत राखाडीच्या पायऱ्या मोजायच्या. समजा ८० टक्क्यांच्या पायरीवर लाल ९७, हिरवा १००, निळा १०६ आला. हिरव्याला हात न लावता निळ्याचा गेन (उजळ छटांचं सेटिंग) दोन-तीन घरं खाली, लाल एखादं घर वर. पुन्हा मोजायचं. मग ३० टक्क्यांवर ऑफसेटनं (गडद छटांच्या सेटिंगनं) तेच. खाली हलवलं की वरचं थोडं हलतं, म्हणून वर-खाली अशा फेऱ्या होतात. शेवटी वीस पायऱ्यांची बारीक दुरुस्ती आणि मग रंग. वीस पायऱ्यांशी फार झटापट केली तर आकाशाच्या उतरत्या निळ्यात पट्टे उमटतात, त्यामुळे आकडा शून्यावर आणण्याच्या हट्टापेक्षा हात आवरता घेणं बरं. एलजीच्या ओएलईडीत २०१८ पासून कॅलमन हे सॉफ्टवेअर थेट टीव्हीच्या आत रंगांचा तक्ता लिहू शकतं, ते काम मेनूतून हातानं केलेल्या दुरुस्तीपेक्षा सफाईदार होतं. एचडीआर आणि डॉल्बी व्हिजन वेगळे मोजावे लागतात. तिथं पांढऱ्याचा समतोल सुधारता येतो, पण टीव्हीला जितका उजेड मुळात देता येतो त्याच्यापुढचे निट कुणीही आणू शकत नाही.

एवढ्या खटाटोपाचं फळ म्हणून दिसणारा फरक किती? ठाण्यात एका गृहस्थांकडे तुमच्यासारखाच ओएलईडी होता, फिल्ममेकर मोडवर. मोजला तर रंगीत चित्रात तक्रारीला जागा नव्हती, सरासरी चूक दोनच्या जवळपास. पण ते जुन्या कृष्णधवल सिनेमांचे शौकीन. त्यांनी असाच एक सिनेमा लावला आणि पांढऱ्या साडीच्या सावलीतल्या घड्यांवर बोट ठेवलं. तिथं हलकीशी हिरवी झाक होती. मीटरवर २० ते ३० टक्क्यांच्या पायऱ्यांत हिरवा वर दिसत होता, बरोबर त्याच छटांमध्ये. दुरुस्तीनंतर घड्या निव्वळ राखाडी झाल्या. रंगीत सिनेमात त्यांच्या मुलाला आधीच्या आणि नंतरच्या चित्रात फरक सांगता आला नाही, पण या गृहस्थांसाठी फीचा प्रत्येक रुपया वसूल झाला. तुम्हीही हीच परीक्षा घ्या. कृष्णधवल सिनेमा लावा, खोली अंधारी करा, आणि राखाडी छटांत कुठं गुलाबी, हिरवट, निळसर झाक दिसते का ते बघा. दिसली आणि खटकली तर ते काम मीटरचं आहे, मेनूतल्या मोडनं ते जाणार नाही.

म्हणून माझ्या मते पैसे खर्चावेत ते कुणी? प्रोजेक्टरवाल्यांनी, जवळजवळ नेहमीच. तिथं पडद्याचा पोत, भिंतीचा रंग, दिव्याचं वय सगळं चित्रात उतरतं, कारखान्याला तुमची खोली ठाऊक नसते. क्रीम रंगाच्या भिंतींच्या खोलीत उजेड भिंतीवरून परत पडद्यावर येताना पिवळसर होऊन येतो, हे मोजल्याशिवाय समजतच नाही. अंधारी, खास सिनेमाची खोली केलेल्यांनी. घरून व्हिडिओचं ग्रेडिंग किंवा फोटोचं काम करणाऱ्यांनी, त्यांनी तर नियमितपणे. आणि ज्यांना वरच्यासारखी झाक खरोखर दिसते त्यांनी. ज्यांनी खर्चू नयेत तेही सांगतो. मध्यम किमतीच्या एलसीडीत काळं राखाडी दिसणं, बाजूनं पाहिल्यावर रंग उडणं, सबटायटलभोवती उजेड सांडणं ही पॅनेलची आणि बॅकलाइटची अंगची खोट असते. त्यावर फी घालवण्यापेक्षा तेवढी रक्कम पुढच्या वेळी वरच्या मॉडेलमध्ये घाला. कॅलिब्रेशनची फी टीव्हीच्या किमतीच्या एक दशांशाच्या वर जात असेल तर मी ग्राहकाला थांबून विचार करायला सांगतो.

शोरूमच्या माणसाला होकार देण्याआधी काही विचारा. मीटर कुठला, आणि तो कलरिमीटर असेल तर स्पेक्ट्रोनं (प्रकाशाचा पूर्ण वर्णपट मोजणाऱ्या मीटरनं) तुमच्या जातीच्या पॅनेलवर जुळवून घेतलेला आहे का? कलरिमीटरमध्ये रंगीत गाळण्या असतात. एलजीचं पांढरा उपपिक्सेल असलेलं ओएलईडी, क्यूडी-ओएलईडी आणि साधा एलईडी यांचा प्रकाश घडणीनंच वेगळा, त्यामुळे न जुळवलेला मीटर आत्मविश्वासानं चुकीचा आकडा देतो. साध्या एचडीसाठी, एचडीआरसाठी आणि डॉल्बी व्हिजनसाठी असं तिन्ही करणार का? दिवसाचा आणि रात्रीचा मोड वेगळा? आधीचा आणि नंतरचा छापील अहवाल देणार का? वेळ किती लागेल? ‘अर्ध्या तासात होतं’ असं उत्तर आलं किंवा पेन ड्राइव्हवरचं चित्र बघून नजरेनं जुळवतो असं म्हणाले, तर तो तुमच्या मेनूतले मोड बदलून जाणार आहे. ते तुम्ही वर केलंतच.

मीटर हाच शेवटचा शब्द असंही नाही. आकड्यात तंतोतंत डी६५ असलेलं ओएलईडी आणि तसाच एलसीडी शेजारी ठेवले तर काहींना ओएलईडीचा पांढरा किंचित हिरवट-पिवळा वाटतो. डोळा प्रकाश कसा वाचतो याच्या जुन्या सूत्राची ती मर्यादा आहे. सोनीनं आपल्या व्यावसायिक ओएलईडी मॉनिटरसाठी यामुळेच पांढऱ्यात छोटी भर-घट सुचवली होती. अनुभवी माणूस आकडे जुळवल्यावर तुम्हाला समोर बसवून नजरेनंही खात्री करून घेतो.

आयफोननं करायचं ते चालेल का, असंही तुम्ही विचारलंय. ॲपल टीव्हीच्या बॉक्सवर २०२१ पासून कलर बॅलन्स आहे, फोन पडद्यासमोर धरायचा. ते फक्त त्या बॉक्समधून निघणारं चित्र बदलतं, टीव्हीची आतली ॲप्स आणि सेट-टॉप बॉक्स आहेत तसेच राहतात, आणि डॉल्बी व्हिजनला ते लागू होत नाही. मोड व्हिव्हिडवर ठेवून ते केलंत तर फायदा नाही. इंटरनेटवर तुमच्याच मॉडेलची ‘सेटिंग’ मिळतात, त्यांतले मोड आणि बंद-चालू गोष्टी खुशाल उचला, पण पांढऱ्याच्या गेन-ऑफसेटचे आकडे घेऊ नका. एकाच मॉडेलचे दोन पॅनेलही सारखे नसतात. दुसऱ्याच्या टीव्हीची दुरुस्ती तुमच्या टीव्हीत नवी चूक घालते.

दर वर्षी करावं लागतं का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. घरच्या ओएलईडीला नाही. पॅनेल स्थिरावल्यावर एकदा नीट झालं तर काही वर्षं निभतं, मध्येच रंग सरकल्यासारखे वाटले तर तीच कृष्णधवल परीक्षा घ्या. दिव्याच्या प्रोजेक्टरला मात्र दिवा बदलला की पुन्हा. आणि कॅलिब्रेशन करा किंवा न करा, सगळी सेटिंग बसली की मेनूच्या प्रत्येक पानाचा फोनवर फोटो काढून ठेवा, प्रत्येक मोडचा आणि प्रत्येक एचडीएमआयचा वेगळा. फॅक्टरी रिसेट झाला की यातलं काही उरत नाही, आणि कधी कधी सॉफ्टवेअर अपडेटनंतरही एखाद-दुसरी गोष्ट, विशेषतः एनर्जी सेव्हिंग, परत चालू झालेली दिसते.